शृंगारपूरचे शिर्के घराणे : सोयरीक आणि वतन

मराठेकालीन कोकणातील सरदार घराण्यांचा अभ्यास करताना शृंगारपूरच्या शिर्के घराण्याचा विचार अपरिहार्य ठरतो. अलोऱ्याच्या दक्षिणेस, सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले शृंगारपूर (ता. संगमेश्वर) हे सूर्यराव सुर्वे यांचे ठाणे होते, पिलाजी शिर्के हे त्यांचे कारभारी. इ.स. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी शृंगारपूर घेतले. सुर्वे परागंदा झाले; शिर्के मात्र स्वराज्यात आले.

पुढे उभय घराण्यांत साटेलोटे झाले. पिलाजींची कन्या येसूबाई संभाजीराजांना, तर महाराजांची कन्या राजकुंवर पिलाजींचे पुत्र गणोजी यांना दिली गेली. या सोयरिकीने मान मिळाला, परंतु शिर्क्यांची ओढ दाभोळच्या देशमुखी वतनाकडे होती. वतन म्हणजे केवळ उत्पन्न नव्हे. राजा बदलला तरी वतन वंशात टिकते, चाकरी टिकत नाही, हा त्या काळचा अनुभव होता. वतनदारांची सत्ता आवरण्याचे स्वराज्याचे धोरण नेमके याच्या आड येत होते.

हा पेच केवळ कोकणापुरता नव्हता. १२०४ मध्ये नॉर्मंडी फ्रेंच राजाच्या हाती गेल्यावर समुद्राच्या दोन्ही तीरांवर जमिनी असलेल्या अँग्लो-नॉर्मन सरदारांना धनी निवडावा लागला. विल्यम मार्शलने मात्र दोन्ही राजांशी संधान राखून आपल्या जमिनी वाचविल्या.

जेधे शकावलीनुसार १६८८ च्या अखेरीस शिर्के व कवी कलश यांच्यात झुंज झाली आणि संभाजीराजांनी स्वतः येऊन शिर्क्यांना पळवून लावले. फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वर येथे महाराज पकडले गेले. त्यात शिर्क्यांचा हात होता, असे सर्रास सांगितले जाते. २०२५ मध्ये एका चित्रपटामुळे हा वाद पुन्हा उफाळला. तथापि आधीचे भांडण हा फितुरीचा पुरावा होऊ शकत नाही, आणि समकालीन साधनांतून हा आरोप निर्विवाद सिद्ध होत नाही.

गणोजी मोगलांकडे गेले, एवढे खरे. जिंजीच्या वेढ्यातून राजाराम महाराजांना निसटून जाण्यास त्यांनीच साहाय्य केले आणि त्याबदली खंडो बल्लाळांनी आपले दाभोळचे वतन त्यांना दिले, असे बखर सांगते. त्या वेळी भाऊ मोगलांच्या चाकरीत होता, तर रायगड पडल्यापासून बहीण येसूबाई मोगलांच्याच कैदेत होती. तिची सुटका १७१९ मध्ये झाली.