काळ्या मातीतले पाहुणे

आपल्यापैकी अनेकांची मूळ घरे खानदेशात नाहीतर विदर्भात. सिल्वासात येऊनही पिढ्या झाल्या. काळ्या मातीची ओळख मी करून द्यावी असे नाही. वैशाखात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या चार सरी चांगल्या झाल्या की त्या मिटू लागतात. कशाने मिटतात, हे मला पदवीने नव्हे, दवाखान्याच्या भिंतीने शिकवले.

बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइटसारखी खनिजे भरपूर असतात. (फ्रान्समधल्या एका गावावरून हे नाव पडले.) त्यांचे पापुद्रे चिरोट्यासारखे एकावर एक असतात, एकेक जेमतेम एक नॅनोमीटर जाड, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पापुद्र्यांवर ऋणभार असतो. तो फेडायला सोडियम, कॅल्शियम यांचे धनभारित कण मधल्या फटीत मुक्काम करतात. माती भिजली की या कणांच्या ओढीने पाण्याचे रेणू आत शिरतात आणि पापुद्रे दूर सरतात. पाण्याचा एक थर शिरला की एका पापुद्र्यापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर सुमारे दहा अँगस्ट्रॉमवरून साडेबारा होते, दुसरा शिरला की पंधरा. माती सुकली की हे पाहुणे निघून जातात, भेगा परत येतात.

किती पाणी आत येईल, हे आधी मुक्कामाला कोण आहे त्यावर ठरते. कॅल्शियमचा भार दुप्पट. तो दोन्हीकडचे पापुद्रे धरून ठेवतो, फट दोन-तीन थरांपुढे सहसा उघडत नाही. सोडियमची पकड सैल. भरपूर पाणी मिळाले तर पापुद्रे सुटेच होतात. चोपण जमिनीत जिप्सम घालतात ते याचसाठी. त्यातला कॅल्शियम आत बसतो, सोडियम निचऱ्याबरोबर वाहून जातो.

माझ्या भिंतीला तिरकी भेग गेली तेव्हा मी गवंड्याला सिमेंट चोरल्याचे बोललो. पुढे खणून पाहिले तर मोरीचे पाणी एकाच कोपऱ्यात मुरत होते. तो कोपरा फुगलेला, बाकीचा पाया कोरडा. भिंत मधल्यामध्ये तडकली. त्या संवत्सरीला गवंड्याच्या घरी जाऊन क्षमा मागितली. त्याने चहा पाजला, पण नंतर माझे काम घेतले नाही.

काळ्या मातीवर बांधणार असाल तर पायाखालची माती काढून मुरूम चोपून भरा, भोवती बाहेरच्या उताराची फरशी घाला आणि मोरीचे पाणी पायापासून लांब न्या.