दोन तारा, एक खांब

टिटवाळेकराला आगगाडीचा स्वभाव पक्का ठाऊक असतो: पुढची अडली, की मागचीही अडते! इंटरनेटचेही तेच. २०२० च्या टाळेबंदीत माझा तास रंगात आला असता तार तुटली. जोडण्या दोन कंपन्यांच्या. पण तारा एकाच खांबावरून! मुले ताटकळली.

मग दोन जोडण्या सांभाळणारा, सिमही बसणारा राउटर घेतला. तार गेली, की तो मोबाइलच्या वाटेला लागतो; शब्द अडखळतो, पण तास बुडत नाही. मात्र १०० मेगाबिटच्या दोन जोडण्या घेतल्या, तरी एक फाइल २०० च्या वेगाने सहसा उतरत नाही; ती एकाच वाटेने येते. आणि तार ३०० ची असेल, तर राउटरचे पोर्ट १०० चे नको, गिगाबिटचे हवे.

वाचकहो, दुकानात शिरण्यापूर्वी एकदा खांबाकडे पाहा!