इंजिनाच्या पायातलं तेल

ओहोटीला होडी वाळूवर टेकली आणि पंख्याखालच्या ओल्या वाळूत तळहाताएवढा तवंग दिसला, निळसर-जांभळा. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथे खाडीच्या आतल्या अंगाला माझ्या मामाची फायबरची होडी असते. पहाटे जाळं आणि पर्यटकांच्या दिवसांत डॉल्फिनच्या फेऱ्या, सगळा भार एका आउटबोर्ड इंजिनावर. तवंग बघून मी मोठा स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि खालचा स्क्रू आवळायला बसलो. मामाने हात धरला. ‘‘जोर कित्याक लावतंस? वायसर बघ आदी.’’

आउटबोर्डचं वरचं टोपण सगळेच उघडून बघतात. प्लग, कार्ब्युरेटर, पेट्रोलची नळी यांची नावं लहान पोरांनाही पाठ असतात. सदैव पाण्यात बुडालेला खालचा पाय, म्हणजे गिअरकेस, मात्र बिघडेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. इंजिनापासून सरळ खाली येणाऱ्या शाफ्टच्या टोकाला एक लहान तिरप्या दातांचा गिअर असतो. तो पुढच्या आणि मागच्या अशा दोन मोठ्या गिअरांना एकाच वेळी फिरवत राहतो. त्या दोघांमध्ये सरकणारा डॉग क्लच ज्याला जाऊन अडकेल, त्याप्रमाणे होडी पुढे किंवा मागे जाते. पंख्याची एक फेरी होईपर्यंत उभ्या शाफ्टच्या साधारण दोन होतात. एवढी घासाघीस ज्याच्या भरवशावर चालते ते ९० नंबरचं गिअर ऑइल लहान इंजिनात पाव ते अर्धा लिटर असतं. बस्स, तेवढंच.

हे तेल आत कोंडून ठेवायला बाहेरून दोन स्क्रू असतात. खालचा तेल काढायचा, वरचा हवा सोडायचा आणि पातळी बघायचा. प्रत्येकाच्या डोक्याखाली एक पातळ वायसर बसतो. तो एकदा दाबला गेला की त्या जागेचा आकार घेतो. स्क्रू काढून पुन्हा लावला, तर तोच वायसर तसाच नेमका बसेल याची खात्री नसते. म्हणून तेल बदललं की दोन्ही वायसर नवे घालायचे. काही रुपयांची वस्तू आहे. त्यात काटकसर करू नये.

तेल गळतं म्हणजे नुसतं तेल कमी होतं असं नाही. फेरीत गिअरकेस तापतं, आतलं तेल आणि हवा फुगते आणि फट मिळाली तर थोडं बाहेर ढकललं जातं. इंजिन बंद झालं की पाय गार पाण्यात निवतो, आतलं सगळं आकसतं आणि त्याच फटीतून खारं पाणी आत ओढलं जातं. दिवसभर बाहेर आणि रात्री आत, असा हा उलटसुलट प्रवास. पाणी मिसळलेलं तेल दुधाळ, कॉफीसारखं दिसतं. असं तेल दिसलं की उद्यावर टाकू नये. मामा म्हणतो, ‘‘पाणी गेला काय गिअर गेलो.’’

त्या दिवशी स्क्रू सुटायलाच तयार नव्हता. स्क्रू स्टेनलेस स्टीलचा, केस ॲल्युमिनियमचं आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे ॲल्युमिनियम खाल्लं जाणारच. आट्यांत पांढरी भुकटी धरते आणि स्क्रू जाम होतो. अशा वेळी खाचेच्या पूर्ण रुंदीचा, जाड पात्याचा स्क्रू ड्रायव्हरच लागतो. बारीक पातं घसरलं की खाच मोडते आणि पंधरा मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं. मामाने गंज सोडवणारं तेल लावून रात्रभर ठेवलं. सकाळी इम्पॅक्ट ड्रायव्हर टेकवून हातोडीचे दोन ठोके दिले आणि स्क्रू हलला.

आत पाहिलं तर कारण समोरच होतं. जुना वायसर खाचेतच चिकटून राहिलेला आणि मागच्या खेपेला कुणीतरी त्याच्यावरच नवा चढवलेला. दोन वायसर एकावर एक असले की कितीही आवळा, नीट दाब बसत नाही. मामाने बांबूची टोकदार कामटी करून जुना वायसर खरवडला. लोखंडी टोक त्या जागी लावायचं नाही. मऊ धातूवर एक ओरखडा पडला की पुढची गळती तिथूनच सुरू होते. आवळायलाही मर्यादा आहे. यामाहाच्या अनेक इंजिनांत या स्क्रूला साधारण ९ न्यूटन-मीटर पुरतात, म्हणजे मनगटाचा जोर, खांद्याचा नव्हे. आटे गेलेच असतील तर मेकॅनिककडून आत स्टीलच्या तारेची हेलिकॉइल बसवून घ्यावी. आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळून वेळ मारून नेणं मला पटत नाही. पाणी अडवायचं काम वायसरचं आहे.

जुनं जॉन्सन किंवा एविनरूड हाताळणाऱ्यांना एक सांगायलाच हवं. नॉर्वेत जन्मलेल्या ओले एविनरूडने १९०९ साली अमेरिकेत मिलवॉकीला आउटबोर्ड विकायला सुरुवात केली. एविनरूडचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं, तरी जुनी इंजिनं अजून चालतात. त्यांतल्या काहींच्या पायावर चौफुली खाचेचा आणखी एक स्क्रू असतो. तो तेलाचा नाही, आतल्या गिअर बदलायच्या दांडीचा टेकू आहे. तो चुकून काढला की दांडी आत निसटते आणि अख्खा पाय खोलावा लागतो.

तेल भरायचं ते खालून. इंजिन सरळ उभं करून, किल-स्विचची दोरी काढून, पंपाचं तोंड खालच्या भोकात बसवायचं आणि सावकाश दाबत राहायचं. वरून ओतलं तर आत हवा अडकते. वरच्या भोकातून बुडबुडे थांबून नुसतं तेल यायला लागलं की आधी वरचा स्क्रू लावायचा, मग पंप काढून झटकन खालचा. वरचं तोंड बंद असल्यामुळे तेल फारसं सांडत नाही.

एवढं करूनही तेल दुधाळ झालं तर चोर दुसरीकडे आहे. आमच्याकडे तो बहुतेक वेळा पंख्यामागच्या ऑइलसीलपाशी सापडतो. पाण्यात सुटलेला तंगूस शाफ्टभोवती गुंडाळला जातो आणि सीलची कड कापतो. म्हणून पंखा अधूनमधून काढून मागे बघायचं. शंका उरलीच तर रिकाम्या गिअरकेसमध्ये हाताच्या पंपाने बेताची हवा भरून साबणाचं पाणी लावावं. बुडबुडा कुठे येतो ते लगेच दिसतं.

तेल बदलायची वेळ मात्र बरेच जण चुकतात. १ जूनला मासेमारीवर पावसाळी बंदी लागते, होड्या शाकारल्या जातात आणि ‘नारळी पौर्णिमेला बघू’ म्हणून तेल तसंच राहतं. पाणी शिरलेलं असेल तर ते दोन महिने बेअरिंगवर बसून राहतं. म्हणून तेल बदलायचं ते होडी शाकारण्याआधी. एरवी शंभर तासांनी किंवा सहा महिन्यांनी.

नव्या वायसरवर आठवडाभर फेऱ्या झाल्या. एका पहाटे, इंजिन सुरू करण्याआधी, मामाने खालचा स्क्रू अर्धा आटा सैल केला. पाणी तेलापेक्षा जड. रात्रभरात तळाशी बसतं, म्हणून असेल तर तेच आधी बाहेर येतं. बॅटरीच्या उजेडात त्याच्या बोटावर पहिला थेंब आला. चकचकीत, मधाच्या रंगाचा. त्याने तो अंगठ्याने चोळून पाहिला, वास घेतला, आणि खिशातल्या डबीतून आणखी एक नवा वायसर काढला.