हिवाळ्यातही खुराड्याला हवा हवी

डिसेंबर लागला की नांदेड-लातूरकडच्या खेड्यांत खुराड्यांना पोती, ताडपत्र्या, जुनी लुगडी गुंडाळायला सुरुवात होते. दुपारी पारा २८-३० अंशांवर असतो आणि पहाटे १०-१२ पर्यंत उतरतो, कधी त्याहूनही खाली. आपल्याला हुडहुडी भरते, तशी कोंबड्यांनाही भरत असेल, हा त्यामागचा कळवळा खरा आहे. पण चारी बाजूंनी बंद केलेले खुराडे आपल्याकडच्या थंडीपेक्षा जास्त घातक असते.

मोठ्या कोंबडीच्या अंगाचे तापमान ४१ अंशांच्या घरात असते. ती पिसे फुलवते तेव्हा त्यांत अडकलेली हवा ऊब बाहेर जाऊ देत नाही. पाय उघडे असले, तरी पायांकडे जाणारे गरम रक्त परतणाऱ्या गार रक्ताला वाटेतच उष्णता देते. त्यामुळे पाय गारठले तरी अंग गारठत नाही. बसायला दोन-अडीच इंच रुंद फळी दिली, तर बोटेही पोटाखाली झाकली जातात. संध्याकाळी मूठभर ज्वारी किंवा मका जास्त टाकावा. दाणे पचताना रात्रभर उष्णता मिळत राहते.

खरा धोका विष्ठेत आहे. तिच्यातल्या युरिक आम्लापासून ओलाव्यात जीवाणू अमोनिया तयार करतात. बंद खुराड्यात तो साचतो, श्वासनलिकेचे अस्तर खराब करतो आणि मग घरघर, सर्दी सुरू होते. सकाळी दार उघडताच वाकून कोंबडीच्या उंचीवर वास घ्या. डोळे चुरचुरले, तर हवा कमी पडते आहे. वाऱ्याचा झोत अंगावर येऊ नये म्हणून पोते खालच्या भागाला बांधावे आणि छपराखालची फट मोकळी ठेवावी. खाली लाकडाचा भुसा किंवा भुईमुगाची टरफले अंथरावीत, ओली झालेली काढून टाकावीत.

पिलांची गोष्ट वेगळी. पहिले काही आठवडे त्यांना अंगाचे तापमान राखता येत नाही. खुडूक कोंबडी ते काम करते. ती नसेल तर बल्ब लावावा. पहिल्या आठवड्यात पिलांपाशी ३५ अंश ऊब हवी, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जावे. पिले बल्बखाली गर्दी करून चिवचिवाट करू लागली तर ऊब अपुरी, लांब पळून धापा टाकू लागली तर जास्त. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र कधीच ठेवू नये. तिच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड पिलांना मारतो, माणसालाही.

हिवाळ्यात अंडी घटतात, त्याचे खापर बहुतेक जण थंडीवर फोडतात. मुख्य कारण प्रकाशाचे आहे. भरपूर अंडी देण्यासाठी कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो. डिसेंबरात नांदेडचा दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. पहाटे दिवा लावून उजेड वाढवता येतो. पण घरच्या चार-पाच गावरान कोंबड्यांना अंडी देण्यातून ही विश्रांती मिळू द्यावी, असे माझे मत आहे.

हिवाळ्यातला आणखी एक धोका बर्ड फ्लूचा. त्याचा विषाणू गारव्यात जास्त काळ टिकतो. २००६ च्या फेब्रुवारीत नवापूर, २०२१ च्या जानेवारीत परभणीचे मुरुंबा, २०२५ च्या जानेवारीत उदगीरला मेलेले कावळे आणि लोहा तालुक्यातले किवळा, या सगळ्या साथी थंडीच्या महिन्यांतच आल्या. म्हणून दाणा-पाणी रानपाखरांच्या वाट्याला येईल असे उघड्यावर ठेवू नका. कोंबड्या किंवा कावळे अचानक मरू लागले, तर उघड्या हातांनी उचलू नका, ओढ्यात टाकू नका, आजारी कोंबड्या बाजारात नेऊ नका; त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.