रस्त्याचं माप, डोंगराचं पाणी

दरडीखाली गेलेल्या रस्त्याची दुरुस्ती जेसीबी आला की सुरू होते, असं लांबून वाटतं. प्रत्यक्षात ती टेप उलगडल्यावर सुरू होते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका वाडीच्या रस्त्यावर मी हे काम जवळून पाहत होतो. टेपचं एक टोक शाखा अभियंत्यांच्या हातात, दुसरं वाडीतल्या एका वयस्कर गृहस्थांकडे. "काका, मागे सरका, पण कडेला जाऊ नका, खालून माती गेलीय." भराव किती लांबीत खचला, किती खोल गेला, मोरीचे पाइप जागेवर आहेत की वाहून गेले, वरून आलेली माती आणि धोंडे किती घनमीटर, हे सगळं वहीत उतरत होतं. मग फोटो. प्रत्येक फोटोत कडेला माणूस उभा करायचा, म्हणजे कागद वाचणाऱ्याला खड्ड्याची खोली समजते.

पुढचा प्रश्न असतो, रस्ता कोणाचा? राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे. वाडीला जाणारा रस्ता बहुधा या उतरंडीच्या तळाशी. त्याच्या दुरुस्तीचा पैसा '3054' या लेखाशीर्षातून, जिल्हा नियोजन समितीमार्फत येतो, आणि त्याच पैशावर जिल्ह्यातले शेकडो रस्ते डोळे लावून बसलेले असतात. आपत्तीच्या नुकसानीची माहिती मात्र वेगळ्या वाटेने जाते. तालुक्याहून जिल्हाधिकाऱ्यांकडे, तिथून आमच्या नवी मुंबईत, सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनात विभागीय आयुक्तांकडे, आणि मग मंत्रालयात. मुंबईचे दोन जिल्हे, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सात जिल्ह्यांचा पावसाळा या एका इमारतीत आकड्यांच्या रूपाने जमा होतो. रोज तिच्यासमोरून लोकल पकडणाऱ्या किती जणांना याची कल्पना असेल?

या नुकसानीसाठी पैसा असतो तो राज्य आपत्ती प्रतिसाद निधीत. त्यात महाराष्ट्रासाठी केंद्राचा वाटा 75 टक्के आणि राज्याचा 25 टक्के. तो कसा खर्चायचा याचे निकष केंद्राचे. 2015 ते 2020 या काळाच्या निकषांत ग्रामीण रस्त्याच्या दुरुस्तीला किलोमीटरमागे जास्तीत जास्त 60 हजार रुपये धरले होते. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्गाला एक लाख. आता टेपवरचं माप आठवा. 40 मीटर रस्ता खचला, तर या दराने 2,400 रुपये होतात. त्या 40 मीटरला खालून उचलून धरणारी संरक्षक भिंत मात्र लाखांत जाते.

हे निकष कोणाच्या दुष्टपणातून आलेले नाहीत. वाहतूक तातडीने सुरू व्हावी, एवढाच त्यांचा हेतू आहे. भगदाड बुजवणं, भरावाला दगडी पिचिंग, मोरीची दुरुस्ती, तात्पुरता वळणरस्ता, खडी-मुरमाचा थर ही त्यातली कामं. पूर ओसरलेल्या सपाटीवर हे पुरेसं होतं. डोंगरउतारावर होत नाही, कारण तिथे बिघाड रस्त्यात नसतोच. तो रस्त्याच्या वर आणि खाली असतो.

ते त्या वाडीवर उघड दिसत होतं. दरड सुटून गेलेली जागा म्हणजे डोंगराचा उभा छेद. खाली काळा पाषाण, त्यावर झिजलेला मुरूम, त्यावर तांबडी माती. पाऊस मातीतून झिरपतो, मुरमातून उतरतो आणि पाषाणावर येऊन अडतो. पाणी तिथे साठत गेलं की वरच्या थराची पकड सुटते. रस्ता काढताना डोंगराचा पायथा आधीच कापलेला, म्हणजे खालचा आधारही गेलेला. त्यात डोंगराकडचं गटार पालापाचोळ्याने बुजलं, की पाणी रस्ता ओलांडून दरीकडच्या भरावात शिरतं. मग एकाच रात्री वरून दरड येते आणि खालून रस्ता खचतो. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं, त्या सुमारास महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलीमीटर पाऊस झाला होता. एवढ्या पाण्यापुढे कोणतंही गटार हात टेकेल, हे खरं. पण घाटपायथ्याचे बरेच रस्ते त्याहून कितीतरी कमी पावसात खचतात, आणि तिथे गटाराने फरक पडतो.

चांगली दुरुस्ती कशी असते, तेही या कामावर दिसलं. भिंतीचा पाया भरावात न ठेवता पक्क्या कातळापर्यंत नेला. त्यासाठी खोदाई अंदाजापेक्षा खोल गेली आणि ठेकेदाराची कुरबुर झाली. शाखा अभियंते शांतपणे म्हणाले, "कातळ लागल्याशिवाय काँक्रीट नाही." भिंतीत ओळीने पाइप सोडले, मागचं पाणी बाहेर यावं म्हणून. पाइपांच्या तोंडाशी मातीऐवजी दगडगोटे भरले, नाहीतर एका पावसाळ्यात ते गाळाने बंद होतात आणि साचलेल्या पाण्याच्या दाबाने भिंत पुढे झुकते. डोंगराकडे पक्कं गटार, ते थेट मोरीला जोडलेलं. आणि रस्त्यावरून कधीच न दिसणारं काम, म्हणजे उताराच्या माथ्यावर आडवा चर, वरचं पाणी आधीच ओढ्याकडे वळवणारा. दुरुस्तीतला हा सर्वांत स्वस्त भाग. निधी तोकडा पडला की कात्री पहिली यालाच लागायची भीती, कारण उद्घाटनाच्या दिवशी दिसतं ते डांबर.

ऑगस्ट 2021 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने पूरग्रस्तांसाठी 11,500 कोटींचं पॅकेज मंजूर केलं. त्यात पुनर्बांधणीला 3,000 कोटी आणि आपत्ती कमी करण्याच्या दीर्घकालीन उपायांना 7,000 कोटी धरले होते. आधी धोका टाळायचा, हा विचार बरोबर आहे. तोच वाडीच्या रस्त्यापर्यंत पोचला पाहिजे. ग्रामीण रस्त्यावर दरड पडली, तर माप लांबीचं न घेता उताराचं घ्यावं आणि पाण्याच्या निचऱ्याची बाब अंदाजपत्रकातून वगळता येणार नाही, असा नियम व्हावा. शिवाय जुन्या मैलकुलींसारखा, पावसाआधी फावडं घेऊन गटारं मोकळी करणारा माणूस प्रत्येक घाटरस्त्याला परत मिळावा. त्याची मजुरी एका भिंतीच्या खर्चापुढे काहीच नाही.

नवी मुंबईत कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे इथे सातारा-कोकणातल्या कितीतरी गावांची मंडळं आहेत. देवळाच्या जीर्णोद्धाराला ती मोठ्या मनाने वर्गणी काढतात. त्यांना एक विनंती. मे महिन्यात गावी जाल, तेव्हा आपल्या रस्त्याच्या दुरुस्तीचं अंदाजपत्रक मागा आणि त्यात गटार, मोरी, माथ्यावरचा चर आहे का ते बघा. माहिती अधिकार कायद्याने कागदांच्या प्रतीबरोबरच काम प्रत्यक्ष पाहण्याचा आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेण्याचाही हक्क दिला आहे. तो वापरा, आणि पहिल्या पावसाच्या आत वापरा.