लास्ट सीन दिसतंय, पण माणूस कुठंय? : बेपत्ता सज्ञान व्यक्तीचा शोध कसा सुरू होतो

विरार फास्टच्या गर्दीत ज्यांना एपिसोड नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी मजकूर. विषय जड आहे, पण आपल्या वयाच्या सगळ्यांना माहीत असायलाच हवा असा आहे. अठरा वर्षांवरचा, कमावता किंवा शिकणारा माणूस एक दिवस अचानक संपर्काबाहेर जातो. मग घरचे काय करतात, पोलीस काय करतात आणि मित्र म्हणून आपण काय करू शकतो?

सुरुवात आपल्याच जिल्ह्यातल्या एका केसपासून करू. २९ नोव्हेंबर २०२१. बोईसरची सदिच्छा साने, वय २२, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये एमबीबीएसला होती. त्या दिवशी दुपारी तिची परीक्षा होती. सकाळी ती घरातून निघाली, विरारहून लोकल पकडली, पण परीक्षेला पोचलीच नाही. वाटेत अंधेरीला उतरून ती वांद्र्याला गेली आणि शेवटची दिसली ती बँडस्टँडच्या किनाऱ्यावर. घरच्यांनी बोईसर पोलिसांकडे तक्रार दिली, तपास मुंबईत गेला. वर्षभरानंतर, जानेवारी २०२३ मध्ये, मुंबई क्राइम ब्रँचने तिथल्या एका लाइफगार्डला अटक केली. त्याने तिला मारून समुद्रात टाकलं, असं पोलिसांचं म्हणणं. समुद्रात शोध झाला, पण मृतदेह सापडला नाही.

आता आई-वडिलांच्या जागी उभं राहून बघा. अटक झाली, पण मुलगी मिळालेली नाही. अशा घरांत पुढे कागदांचेही प्रश्न येतात. सात वर्षं एखाद्याची काहीच खबर नसेल, तरच कायदा त्याला मृत धरू शकतो. तोवर बँक खातं, विमा, सगळं अधांतरी.

आता दुसरी केस, वसईची. श्रद्धा वालकर. हे नाव सगळ्यांना माहीत आहे, पण बातम्यांनी भयानक तपशिलांवरच भर दिला. आपल्याला बघायचाय तो त्याआधीचा काळ, म्हणजे ती कुणालाच सापडत नव्हती, पण ती हरवली आहे हेही कुणाला कळलं नव्हतं, ते महिने. ती २७ वर्षांची होती. मे २०२२ मध्ये जोडीदाराबरोबर दिल्लीला गेली. पोलिसांच्या म्हणण्यानुसार १८ मे रोजी तिचा खून झाला. घरच्यांशी आधीपासून संबंध ताणलेले, त्यामुळे तिकडून फोन नाही याचं कुणाला नवल वाटलं नाही. शंका आली ती एका मित्राला, आणि तीही सप्टेंबरमध्ये. दोन महिन्यांहून जास्त काळ तिचा फोन बंद आहे, असं त्याने तिच्या भावाला कळवलं. मग वडील विकास वालकर वसईच्या माणिकपूर पोलीस स्टेशनला गेले आणि ऑक्टोबरमध्ये मिसिंगची नोंद झाली.

मधले महिने कुणालाच संशय कसा आला नाही? कारण पोलिसांच्या तपासानुसार, खुनानंतरही काही दिवस तिचं सोशल मीडिया अकाउंट चालू होतं. मेसेजला उत्तरं जात होती.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, म्हणून माझ्या कामातलं उदाहरण देतो. सर्व्हर दर काही सेकंदांनी 'मी चालू आहे' असा सिग्नल पाठवत असतो. कधीकधी आतलं अ‍ॅप्लिकेशन पूर्ण अडकलेलं असतं, तरी तो सिग्नल येतच राहतो. डॅशबोर्डवर सगळं हिरवं, आणि ग्राहकाचं काम मात्र ठप्प. व्हॉट्सअ‍ॅपचं लास्ट सीन, दोन निळ्या टिका, इन्स्टावरचा हिरवा ठिपका हे सगळं तसंच. त्यातून एवढंच कळतं की कुणीतरी त्या फोनवर किंवा अकाउंटवर काहीतरी केलं. कुणी केलं, ते कळत नाही.

मोबाइल टॉवरचंही तेच. पोलीस कॉल रेकॉर्ड मागवतात, त्याला सीडीआर म्हणतात. त्यात फोन कोणत्या टॉवरच्या कोणत्या बाजूला होता ते कळतं, म्हणजे एक परिसर कळतो. नेमकी इमारत किंवा खडक कळत नाही, आणि फोन कुणाच्या हातात होता हे तर मुळीच नाही.

पण हाच डेटा खोटं पकडूही शकतो. २२ मे रोजी श्रद्धा भांडून फोन घेऊन निघून गेली, असं आरोपीने माणिकपूर पोलिसांना सांगितलं होतं. तपासात दिसलं की त्यानंतर तिच्या खात्यातून त्याच्या खात्यात पैसे गेले होते आणि तेव्हा लोकेशन मेहरौलीचं होतं, म्हणजे ती दोघं राहत होती तोच भाग. गोष्ट आणि डेटा जुळेना. केस दिल्लीला गेली आणि १२ नोव्हेंबर २०२२ ला आरोपीला अटक झाली.

आता कामाचं बोलू. 'चोवीस तास थांबा' असा कोणताही नियम नाही. सिनेमात बघून आपल्या डोक्यात बसलाय तेवढाच. माणूस लहान असेल तर थेट अपहरणाचा गुन्हा नोंदवावा लागतो, असं सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये सांगितलं. सज्ञान माणसाचं वेगळं. त्याची आधी मिसिंग म्हणून नोंद होते, एफआयआर होत नाही, कारण सज्ञान माणसाला स्वतःच्या मर्जीने निघून जायचा हक्क आहे. तो सापडला आणि म्हणाला की घरी जायचं नाही, तर पोलीस त्याचा जबाब घेतात, जबरदस्तीने आणून देत नाहीत. म्हणून तक्रार देताना 'हा मर्जीने गेलेला नाही असं का वाटतं' ते स्पष्ट लिहून द्या. परीक्षा होती, औषधं घरीच राहिली, कुणी धमकी दिली होती, आधी पोलिसात अर्ज दिला होता, जे असेल ते. श्रद्धानेच नोव्हेंबर २०२० मध्ये नालासोपाऱ्याच्या तुळींज पोलीस स्टेशनला लेखी तक्रार दिली होती की जोडीदार मारतो, जिवे मारायची धमकी देतो. ती नंतर मागे घेतली गेली. असा जुना कागद पहिल्याच दिवशी पोलिसांसमोर ठेवायला हवा.

गुन्ह्याचा संशय असेल तर 'ही आमची हद्द नाही' हे उत्तर चालत नाही. झिरो एफआयआर कुठल्याही पोलीस स्टेशनला नोंदवता येते, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात ते स्पष्ट लिहिलंय. नोंदीची प्रत आणि नंबर घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. कुणी माणसाला डांबून ठेवलंय असा संशय असेल आणि तपास हलत नसेल, तर हायकोर्टात हेबियस कॉर्पस अर्ज करता येतो.

घाई कशाची करायची? सीसीटीव्हीची. कॉल रेकॉर्ड कंपन्यांना किमान दोन वर्षं ठेवावे लागतात, ते कुठे पळत नाहीत. पण सोसायटी, दुकान, चहाची टपरी इथल्या कॅमेऱ्यांचा डीव्हीआर भरला की जुनं फुटेज पुसून त्यावर नवं चढतं. ते थोड्या दिवसांतच जाऊ शकतं. म्हणून पहिल्याच दिवशी दुकानदाराला 'फुटेज ठेवा' सांगा आणि पोलिसांना ती जागा लिहून द्या. घरी त्या माणसाचा लॅपटॉप लॉग-इन असेल तर लॉग-आउट करू नका, पासवर्डचे अंदाज मारत बसू नका. जे दिसतंय त्याचा वेळेसकट स्क्रीनशॉट काढा. आणि व्हायरल पोस्टमध्ये घरचा नंबर टाकू नका, पोलीस स्टेशनचा टाका. 'तुमचा मुलगा सापडलाय, आधी पैसे पाठवा' म्हणणारे त्याच नंबरवर फोन करतात.

शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. आपल्यातले किती जण रूमवर, दुसऱ्या शहरात, घरी न सांगितलेल्या नात्यात राहतात? आपण गायब झालो तर ते आधी आईला कळणार नाही, मित्राला कळेल. तेव्हा तुमचा मित्र किंवा मैत्रीण अचानक फक्त टाइप करून बोलायला लागली, फोन उचलत नसेल, तर व्हिडिओ कॉल मागा. दोनदा टाळलं तर जाऊन या, किंवा जवळच्या कुणाला पाठवा. घरचं भांडण असलं तरी भावाला, बहिणीला कळवा. फार तर ओरडा खाल.

विकास वालकर मुलीच्या अस्थी मिळायची वाट बघत होते. खटला चालू असल्यामुळे ते अवशेष पुरावा म्हणून जमा होते. ९ फेब्रुवारी २०२५ ला वसईत हृदयविकाराच्या झटक्याने ते गेले. मुलीचे अंत्यसंस्कार त्यांना करता आले नाहीत.

हा भाग आवडला नाही तरी चालेल, पण रूममेटला पाठवा. आणि त्याच्या घरच्या एकाचा तरी नंबर आजच सेव्ह करून ठेवा. इमर्जन्सीला ११२. भेटू पुढच्या भागात.