कपाटातला जुना माउस नव्या टॅबला चालतो का? जव्हार-मोखाड्याच्या पोरांसाठी हा प्रश्न थेट सीईटीपर्यंत जातो

सीईटीचा पेपर, पीसीएम ग्रुप. १५० प्रश्न आणि १८० मिनिटं. प्रत्येक प्रश्नाला कमीत कमी दोन क्लिक लागतात. एक पर्यायावर, दुसरा ‘सेव्ह अँड नेक्स्ट’वर. म्हणजे ३०० क्लिक झाले. उत्तर बदललं किंवा मागच्या प्रश्नावर गेलं की आणखी.

आता समजा, एखाद्या पोराचा हात माउसवर बसलेला नाही आणि दर क्लिकला त्याचे फक्त २ सेकंद जादा जातात. हिशोब करा. ६०० सेकंद, म्हणजे १० मिनिटं. अभ्यास झालाय, उत्तरही येतंय, पण स्क्रीनवरचा बाण त्या छोट्या गोलावर नेऊन थांबवता येत नाही म्हणून १० मिनिटं हातची गेली. गणिताच्या ५० प्रश्नांना ९० मिनिटं मिळतात, त्यात ही चैन परवडत नाही.

तुम्ही म्हणाल, माउस चालवता न येणारं पोरगं आजच्या काळात असतंय का? असतंय, आणि भरपूर असतात. जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर मुलांच्या हातात पहिल्यांदा आलेलं यंत्र म्हणजे मोबाइल. त्यानंतर आला टॅब. कुणाला शाळेतून मिळाला, कुणाला योजनेतून, कुणाच्या घरच्यांनी हप्त्यावर घेतला. ‘महाज्योती’ ही संस्था जेईई, नीट आणि सीईटीच्या तयारीसाठी ओबीसी, भटक्या विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गातल्या मुलांना टॅब आणि रोजचा डेटा देते. मुंबई महापालिकेने तर २०१५ मध्येच आठवीच्या मुलांना टॅब वाटले होते. ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातली पष्टेपाड्याची जिल्हा परिषद शाळा डिजिटल वर्गासाठी राज्यभर गाजली. टॅब आता नवलाईची गोष्ट राहिलेला नाही.

पण टॅब बोटाने चालतो, आणि परीक्षा माउसने होते.

एमएचटी-सीईटी २०१९ पासून कॉम्प्युटरवर घेतली जाते. त्याच वर्षापासून जेईई मेन एनटीएकडे गेली, तीही कॉम्प्युटरवरच. जेईईत ज्या प्रश्नांचं उत्तर आकड्यात द्यायचं असतं, तिथं कीबोर्डवर आकडा दाबून चालत नाही. स्क्रीनवर अंकांची पाटी येते आणि तिच्यावरचा एकेक आकडा माउसने टिपावा लागतो. सरावासाठी एनटीएने २०२० मध्ये ‘नॅशनल टेस्ट अभ्यास’ नावाचं अ‍ॅप काढलं. ते चालायचं मोबाइलवर, म्हणजे पुन्हा बोटानेच.

याला उपाय म्हणून कुणी ३० हजारांचा लॅपटॉप सुचवेल. त्याआधी शाळेचं कपाट उघडून बघा.

कपाटात नक्की काय आहे?

केंद्र सरकारची ‘आयसीटी अ‍ॅट स्कूल’ योजना डिसेंबर २००४ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून माध्यमिक शाळांमध्ये कॉम्प्युटरच्या लॅब उभ्या राहिल्या. त्यातले कितीतरी कॉम्प्युटर आज बंद आहेत. कुठे मदरबोर्ड गेला, कुठे जव्हारच्या पावसाने ओल धरली, कुठे विजेच्या लपंडावाने पॉवर सप्लाय उडवला. पण कॉम्प्युटर मेला म्हणून त्याचा माउस मरत नाही. तो धूळ खात पडून असतो, आणि बहुतेक वेळा धडधाकट असतो. (खऱ्या उंदराने वायर कुरतडली असेल तर गोष्ट वेगळी. हा विनोद नाही, बंद खोलीतल्या लॅबमध्ये हे होतं.)

तो माउस हातात घ्या आणि वायरच्या टोकाची पिन बघा. सगळं उत्तर त्या पिनेत आहे.

पिन चपटी, चौकोनी, पेन ड्राइव्हसारखी असेल तर काम झालं म्हणून समजा. ती यूएसबी. माउस २००५ चा असो की २०२५ चा, टॅबला त्याने फरक पडत नाही.

पिन गोल, आत ६ बारीक काड्या आणि बाहेरून बहुधा हिरवी असेल, तर तो पीएस/टू. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेली ही पिन. जांभळी कीबोर्डची आणि हिरवी माउसची, हा रंगांचा नियम मागाहून आला. इथं जरा घोळ आहे. दुकानात हिरव्या रंगाचं छोटं अ‍ॅडॉप्टर मिळतं, एका बाजूला गोल आणि दुसऱ्या बाजूला यूएसबी. लोक ते आणतात, लावतात, माउस हलत नाही, मग टॅबला शिव्या घालतात. त्या अ‍ॅडॉप्टरमध्ये अक्कल नसते, फक्त तारा इकडच्या तिकडे जोडलेल्या असतात. ज्या माउसच्या आतल्या चिपला दोन्ही भाषा येतात, त्यालाच ते उपयोगी. ज्याला फक्त पीएस/टूची भाषा येते, त्याला आत चिप असलेला कन्व्हर्टर लागतो. दोन वायरी फुटलेला, एक कीबोर्डसाठी आणि एक माउससाठी, असा तो मिळतो. पण त्याच्या किमतीत आजकाल नवा साधा यूएसबी माउस येतो. गोल पिनवाल्यासाठी फार जीव काढू नका.

पिन रुंद असेल, तिला ९ भोकं आणि बाजूला दोन स्क्रू असतील, तर तो सीरियल माउस. तो संग्रहालयात ठेवा.

पण एवढा जुना माउस टॅबला कळतो कसा?

कॉम्प्युटरला प्रिंटर लावला की ड्रायव्हर टाका, सीडी शोधा, असा कुटाणा असायचा. माउसला तो नसतो. कारण १९९६ मध्ये यूएसबी आली तेव्हा ती बनवणाऱ्यांनी माउस, कीबोर्ड, जॉयस्टिक अशा माणसाच्या हाताने चालणाऱ्या वस्तूंसाठी एकच सामाईक भाषा ठरवली. तिचं नाव एचआयडी. माउस जोडला की तो पहिल्यांदा आपली ओळख सांगतो, ‘मी माउस आहे, मला इतकी बटणं आहेत.’ त्यानंतर तो फक्त छोटे छोटे निरोप पाठवत राहतो. सगळ्यात साधा निरोप ३ बाइटचा. एका बाइटमध्ये कुठलं बटण दाबलं, दुसऱ्यात आडवं किती सरकलो, तिसऱ्यात उभं किती सरकलो. झालं. इतक्या वर्षांत ही मूळ भाषा बदललेली नाही.

अँड्रॉइडने ही भाषा २०११ मध्ये, ३.१ या आवृत्तीपासून शिकून घेतली. ती आवृत्ती टॅबसाठीच होती. त्यामुळे आज कुणाच्याही हातात असलेला अँड्रॉइड टॅब माउस ओळखायला हवा. जोडला की सेकंदाभरात स्क्रीनवर बाण येतो.

आयपॅडवाले जरा उशिरा जागे झाले. २०१९ च्या आयपॅडओएस १३ मध्ये माउस आला तो दिव्यांगांसाठीच्या ‘असिस्टिव्हटच’ या सोयीच्या आडून. मार्च २०२० मध्ये १३.४ ही आवृत्ती आली आणि मग माउस-ट्रॅकपॅडला रीतसर जागा मिळाली. जव्हारच्या वसतिगृहात आयपॅड किती सापडतील हा प्रश्नच आहे, म्हणून तो विषय इथंच सोडू.

बाण येत नाही? मग गडबड बहुधा मधल्या वायरीची

टॅबला माउस थेट लागत नाही, कारण टॅबचं भोक सी टाइप किंवा जुन्या टॅबला मायक्रो यूएसबी. मध्ये ओटीजी लागतं. जव्हारच्या कुठल्याही मोबाइल शॉपीत हे मागितलं की मिळतं, किंमत साधारण शंभर रुपयांच्या आतबाहेर.

ओटीजी म्हणजे नुसतं पिनेचं रूपांतर नव्हे, इथंच लोक फसतात. टॅबला एरवी वाटतं की वायर लावली म्हणजे कुणीतरी आपल्याला चार्ज करतंय किंवा कॉम्प्युटर आपल्याशी बोलतोय. म्हणजे आपण पाहुणे. माउस लावताना टॅबला यजमान व्हावं लागतं, माउसला वीज द्यावी लागते. ‘आता तू यजमान’ हा इशारा ओटीजीच्या पिनेतून जातो. मायक्रो यूएसबीच्या ओटीजीमध्ये एक जादाची काडी आतल्या आत जमिनीला जोडलेली असते. सी टाइपमध्ये तेच काम एक छोटा रेझिस्टर करतो. बाहेरून साधी वायर आणि ओटीजी दिसायला सारख्या, पण तो इशारा नसेल तर टॅब ढिम्म हलत नाही. म्हणून दुकानात जाताना टॅब आणि माउस दोन्ही सोबत न्या आणि तिथंच लावून बघा. जव्हारहून परत पाड्यावर जायला एसटीचे तास मोडतात, पुन्हा चक्कर कोण मारणार?

दुसरी गोष्ट, काही चिनी कंपन्यांच्या फोन आणि टॅबमध्ये ओटीजीचं वेगळं बटण सेटिंग्जमध्ये दिलेलं असतं. ते चालू करावं लागतं, आणि १० मिनिटं काही जोडलं नाही की ते आपोआप बंद होतं. सेटिंग्जच्या शोधपट्टीत ‘ओटीजी’ टाइप केलं की सापडतं. आणि संस्थेने किंवा योजनेतून दिलेल्या टॅबवर कधीकधी कुलूप घातलेलं असतं, ठरावीक अ‍ॅपशिवाय काही चालत नाही. तिथं यूएसबीच बंद असेल तर तुमच्या हातात काही नाही. ज्यांनी टॅब दिला त्यांनाच विचारा. कुलूप तोडायच्या भानगडीत पडू नका.

बाण आला पण उड्या मारतोय? माउस पालथा करा. खाली लाल दिवा असेल तर तो ऑप्टिकल. तो खालच्या पृष्ठभागाचे सारखे फोटो काढून आपण कुठे सरकलो ते ठरवतो. काच, चकचकीत फरशी, एकरंगी सनमायका यावर त्याला काही दिसत नाही. वहीचा पुठ्ठा किंवा वर्तमानपत्र खाली घाला. खाली दिव्याऐवजी रबरी गोळा असेल तर तो त्याहून जुना. झाकण फिरवून गोळा काढा, आतल्या बारीक रुळांवर जमलेला मळ नखाने खरवडा. शून्य रुपयांत दुरुस्ती.

वायरलेस आणि ब्लूटूथ

वायरलेस माउससोबत नखाएवढा डोंगल येतो. टॅबला माउस नाही, तो डोंगलच माउस वाटतो, त्यामुळे ओटीजीत खोचला की चालतो. पण डोंगल हरवला तर बहुतेक माउस गेले. दुसऱ्याचा डोंगल लावून उपयोग नाही, प्रत्येकाची जोडी कारखान्यातच ठरलेली असते. ब्लूटूथ माउसला ओटीजीची गरज नाही आणि इंटरनेटचीही नाही. जुन्या ब्लूटूथ माउसने जोडताना आकडा मागितला तर ०००० टाकून बघा.

ट्रॅकपॅडचं काय?

बंद पडलेल्या लॅपटॉपचा ट्रॅकपॅड काढून टॅबला लावता येईल का, हा प्रश्न हमखास येतो. नाही. तो आतल्या चपट्या पट्टीने मदरबोर्डला जोडलेला असतो, यूएसबीने नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा नाद असलेला एखादा मधल्या चिपचा जुगाड करेलही, पण ते त्याच्या हौसेचं काम.

बाहेरून लावायचा यूएसबी किंवा ब्लूटूथ ट्रॅकपॅड मात्र चालतो. जुना असेल तर टॅब त्याला साधा माउसच समजतो. बाण फिरतो, क्लिक होतं, पण दोन-तीन बोटांच्या करामतींचा भरवसा नाही. अ‍ॅपलनेसुद्धा २०२० मध्ये बोटखुणांची पूर्ण सोय सांगितली ती मॅजिक ट्रॅकपॅड २ साठी. २०१० चा पहिला, पेन्सिल सेलवाला, त्या यादीत नव्हता. तसंही परीक्षेच्या सरावाला ट्रॅकपॅडपेक्षा माउसच बरा.

बॅटरी किती खातो?

लाइट गेलेली असताना हा प्रश्न रास्त आहे. माउसच्या पोटावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, बहुधा ५ व्होल्ट, १०० मिलिअँपिअर. म्हणजे जास्तीत जास्त अर्धा वॅट. टॅबची बॅटरी ७००० मिलिअँपिअर-तासांची धरली तर तिच्यात सुमारे २६ वॅट-तास वीज मावते. माउस सलग ५ तास लावला तरी अडीच वॅट-तास, बॅटरीचा दहावा हिस्सा. प्रत्यक्षात बरेच माउस याहून कमी खातात, त्यापेक्षा स्क्रीनचा उजेड कमी केलात तर जास्त वाचेल. अडचण वेगळीच आहे. भोक एकच, त्यामुळे माउस लावला की चार्जर लावता येत नाही. दोन्ही एकदम हवं असेल तर चार्जिंगची सोय असलेला हब लागतो आणि तो ओटीजीपेक्षा बराच महाग पडतो. स्वस्तातला मार्ग म्हणजे लाइट असताना चार्ज करा, गेल्यावर सराव करा.

सराव कसा करायचा?

माउस लागला म्हणून यूट्यूब चालवत बसलात तर हात बसेल, पण परीक्षेचा नाही. सीईटी सेल आणि एनटीए, दोघांच्याही वेबसाइटवर सराव चाचण्या असतात. त्या अ‍ॅपमध्ये न उघडता टॅबच्या क्रोममध्ये उघडा आणि मेन्यूतून ‘डेस्कटॉप साइट’वर खूण करा. मग पान परीक्षा केंद्रातल्या मॉनिटरसारखं दिसायला लागतं. डावीकडे प्रश्न, उजवीकडे प्रश्नांच्या आकड्यांचे रंगीत चौकोन. टॅब पुस्तकांना टेकवून उभा करा, हाताच्या अंतरावर. जवळ असला की बोट आपोआप स्क्रीनकडे जातं.

सेटिंग्जमध्ये ‘पॉइंटरचा वेग’ असतो, तो मधोमध ठेवा. केंद्रातल्या माउसचा वेग कुणी तुमच्या सोयीने लावून ठेवणार नाही, त्यामुळे घरी अगदी हळू बाणाची सवय लावून घेऊ नका. उजवं बटण काही टॅबवर ‘मागे जा’ असं काम करतं. चाचणी चालू असताना चुकून दाबलं तर पान मागे जाऊ शकतं. कॉम्प्युटरवर त्याच बटणाने मेन्यू उघडतो. परीक्षेत त्याचं काही काम नाही, बोट डाव्या बटणावरच असू द्या.

एका टॅबवर एकच माउस असला तरी वसतिगृहातली ५-६ पोरं पाळीपाळीने रोज पंधरा-पंधरा मिनिटं बसू शकतात. पहिले दोन दिवस बाण स्क्रीनच्या बाहेर पळतो, माउस टेबलाच्या कडेला येऊन अडकतो. उचलून पुन्हा मध्ये ठेवायचा असतो, हेसुद्धा आधी कुणीतरी सांगावं लागतं.